डॉना इनेसवरची ड्यूटी

१

"तुझे बाबा ऑफिसला निघाले बघ," आश्लेषा म्हणायची, आणि केदार डिशवॉशरमध्ये भांडी लावता लावता हसायचा.

रोज संध्याकाळी आठच्या सुमाराला, शुगर लँडच्या रस्त्यांवर अजून ऊन रेंगाळत असताना, मोरेश्वर आपल्या खोलीतून बाहेर येत. इस्त्रीचा पांढरा शर्ट, पट्टा, पॉलिश केलेले बूट. घरातल्या घरात बूट कोण घालतं, पण सासऱ्यांना हे सांगणार कोण? स्वयंपाकघराच्या दारातून ते गराजमध्ये उतरत, जुन्या गाडीत ड्रायव्हरच्या सीटवर बसत आणि रेडिओ लावत. इंजिन बंद. रेडिओवर ना गाणी, ना बातम्या. दोन स्टेशनांच्या मधे जी नुसती खरखर असते, ती ते झोपायच्या वेळेपर्यंत ऐकत बसत. बॅटरी सारखी उतरते म्हणून केदारने गराजच्या भिंतीवर चार्जरच बसवून टाकला होता.

मोरेश्वर तरुणपणी जहाजांवर रेडिओ ऑफिसर होते. त्या काळी जहाजावर या माणसाला मार्कोनी म्हणत, आणि पुण्यातल्या नातेवाइकांत ते शेवटपर्यंत मार्कोनीकाकाच राहिले. समुद्र त्यांनी लवकर सोडला. का सोडला, याबद्दल त्यांनी कधी कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. पुढे दुरुस्तीचं दुकान, संसार, बायकोचं आजारपण, आणि ती गेल्यावर मुलाकडे टेक्सस. चारचौघांसारखं आयुष्य. मुलाच्या कुठल्याही निर्णयात त्यांनी नाक खुपसलं नाही. अपवाद एकच. केदारला टेक्ससच्याच उत्तरेकडच्या फ्रिस्कोची जास्त चांगली नोकरी चालून आली होती, तेव्हा फोनवर ते म्हणाले होते, "फ्रिस्कोला समुद्र नाही."

"बाबा, शुगर लँडला तरी कुठेय?"

"तासाभराच्या ड्राइव्हवर आहे," पुण्यात बसून, नकाशा न बघता ते म्हणाले होते. केदारने तेव्हा त्यांची थट्टा केली होती.

मार्चमध्ये त्यांचं हृदय थकलं. हॉस्पिटलात दिवसभर ते शहाण्यासारखे पडून असत. संध्याकाळ झाली की मात्र नळ्या ओढून काढायला लागत. "मला जाऊ दे. तो वाट बघतोय. मी गेलो नाही तर त्याला उठता येत नाही." नर्स झोपेचं इंजेक्शन द्यायची. केदार त्यांचा हात धरून "हो, हो, जाऊ" म्हणायचा. तिसऱ्या संध्याकाळी त्यांनी हात सोडवून घेतला आणि ते गेले.

२

दहाव्याचे विधी पोर्ट डेलानीला करायचे, हे बाबांनीच सांगून ठेवलं होतं. पोर्ट डेलानी म्हणजे गल्फच्या काठावरचं कोळंबीच्या बोटींचं एक छोटं बंदर. त्याचं नावही घरात कुणी ऐकलं नव्हतं. गुरुजी आठवडाभर कुठल्याशा कंपनीत डेटाबेस सांभाळत आणि शनिवार-रविवारी मंत्र. त्यांनी लॅपटॉपच्या बॅगेतून दर्भ काढले, धक्क्यालगतच्या काँक्रीटच्या ठोकळ्यावर पिंड मांडला, आणि सगळे मागे सरून उभे राहिले.

पक्ष्यांचा तिथे सुकाळ होता. बोटींवरून फेकलेल्या कोळंबीच्या डोक्यांवर सीगल तुटून पडत होते. लांब शेपटीचे, पिवळ्या डोळ्यांचे काळे ग्रॅकल तारांवर ओळीने बसले होते. इथल्या मराठी मंडळींनी कावळ्याच्या जागी ग्रॅकल कधीच चालवून घेतला आहे. पण पिंडाकडे एकही फिरकेना. एखादा उडून यायचा आणि ठोकळ्याच्या अलीकडूनच वळायचा.

"काहीतरी इच्छा राहिली असेल," गुरुजी म्हणाले. "बोला तुम्ही. मोठ्याने बोला."

केदारला असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, पण बापाच्या पिंडासमोर विश्वास विचारतो कोण? त्याने हात जोडले. अनिकाला नीट शिकवीन म्हणाला. पुण्याचं दुकान विकणार नाही म्हणाला. आईच्या नावाने शाळेला काहीतरी देईन म्हणाला. उन्हाने डोकं भणभणत होतं. नऊ वर्षांची अनिका गाडीत एसी लावून बसली होती आणि आश्लेषा सारखी तिच्याकडे बघत होती.

"दर्भाचा कावळा करून शिवूया का?" गुरुजींनी विचारलं. "शास्त्राला चालतं."

त्याने हो म्हणायला हवं होतं. जगभरचे मराठी लोक म्हणतात, आणि त्यांचं काही अडत नाही. पण दर्भाच्या कावळ्यावर बापाची बोळवण करायची हे केदारला कसंसंच वाटलं. त्याला रडू येत होतं आणि रागही येत होता. तो जवळजवळ वैतागून म्हणाला, "ठीक आहे, बाबा. तुमची ती ड्यूटी मी करीन. झालं?"

तारेवरचा एक ग्रॅकल उतरला, ठोकळ्यावर बसला आणि त्याने पिंडात चोच घातली.

"शिवला," गुरुजी सुटकेचा श्वास टाकून म्हणाले. आश्लेषाने डोळे पुसले. केदारलाही बरं वाटलं. का कोण जाणे, सीगलांचा कलकलाट तेवढ्यापुरता थांबला होता.

३

धक्क्यासमोरच्या गळ-आमिषांच्या दुकानातली म्हातारी मघापासून दारात उभी राहून बघत होती. केदार तिच्याकडे पाण्याच्या बाटल्या घ्यायला गेला, तेव्हा ती गाडीच्या बॉनेटवरच्या हार घातलेल्या फोटोकडे बोट करून म्हणाली, "तो मॉरी आहे ना?"

तिचं नाव लुएला. टेक्ससच्या लोकांचं असतं तसं तिचं बोलणं लांबण लावणारं, निवांत होतं. पण डोळे निवांत नव्हते.

ती शाळेत होती तेव्हा बंदरापासून लांब, सरकारचा कायदा चालत नाही अशा पाण्यात, एक जहाज नांगरून उभं असायचं. डॉना इनेस. त्यावर बेकायदा रेडिओ स्टेशन होतं. गावातली स्टेशनं जी गाणी लावत नसत, ती सगळी तिथे लागत. गाव त्या जहाजावर जीव टाकायचं. कोळ्यांच्या बोटी जाळ्यांखाली लपवून पाव, बर्फ, डिझेल पोचवायच्या. संध्याकाळी लोक गाड्या घेऊन समुद्राच्या भिंतीशी ओळीने उभे राहायचे आणि हेडलाइट मारायचे. मग रेडिओवरचा माणूस म्हणायचा, दिसले बरं का तुमचे दिवे.

"दोघे ऑपरेटर होते. मॉरी आणि डेल. त्यांचा कडक नियम होता. सेटवरच्या माणसाने सेट सोडायचा नाही. रिलीव्हरने, म्हणजे ड्यूटी घेणाऱ्या दुसऱ्याने, येऊन खांद्यावर हात ठेवायचा आणि म्हणायचं, आय हॅव इट, म्हणजे आता सेट माझ्याकडे. मगच पहिल्याने उठायचं. दोघे आमच्या स्वयंपाकघरात त्याची नक्कल करून दाखवायचे. आम्ही पोटभर हसायचो."

ती काउंटरवरच्या बाटल्या उगाच सरळ करत राहिली.

"त्या संध्याकाळी मॉरी आमच्याकडे जेवायला होता. वारा वाढला. माझ्या आईने त्याला परत जाऊ दिलं नाही. रेडिओवर डेल सांगत होता, माझा रिलीव्हर अजून आलेला नाही. दर थोड्या वेळाने तेच. आवाज अगदी शांत. सगळं गाव ऐकत होतं."

"मग?"

"मग गावाने रेडिओ बंद केले. एकेका घराने. ऐकवेना, म्हणून. आम्ही पण केला. जहाज नक्की कधी बुडालं ते कुणालाच माहीत नाही. कारण तोवर ऐकणारं कुणी उरलं नव्हतं."

केदारने आजूबाजूला बघितलं. दुकानात एक साधा रेडिओही नाही, हे त्याच्या तेव्हा लक्षात आलं.

"तू मघाशी त्या पक्ष्याला काय सांगितलंस?" लुएलाने विचारलं.

त्याने सांगितलं. बाबांची गराजमधली ती गाडी, तो रेडिओ, सगळंच सांगितलं.

"तुला मुलं आहेत?"

"एक मुलगी आहे."

"मग ती गाडी विकून टाक," ती म्हणाली, आणि तिने पाण्याच्या बाटल्या त्याच्यापुढे सरकवल्या.

४

केदार पाइपलाइनींचा दाब मोजणारा इंजिनिअर. ज्याचा काटा हलत नाही ते नाही, असं मानणारा. एका म्हातारीच्या आठवणीवरून तो गाडी विकणार नव्हता. पण विकायची तर होतीच, म्हणून घरी आल्यावर एका संध्याकाळी रेडिओ नीट चालतो का हे बघायला तो गराजमध्ये गेला.

ती नेहमीची खरखर. सीटला बाबांच्या तेलाचा वास होता. स्टिअरिंगवर हात ठेवून केदार हमसाहमशी रडला. हॉस्पिटलात रडला नव्हता, धक्क्यावर रडला नव्हता. इथे मात्र मोकळा झाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा जावंसं वाटलं, यात त्याला काही गैर दिसलं नाही.

खरखरीत आवाज आहे हे त्याला कधी कळलं ते सांगता येणार नाही. आधी कुणीतरी श्वास घेतंय असं वाटलं. मग खुर्ची करकरली. मग एका संध्याकाळी, शेजारच्या खोलीतून यावा तसा, थकलेला, समंजस आवाज आला: माझा रिलीव्हर अजून आलेला नाही.

संध्याकाळी एएमच्या लहरी वातावरणाच्या वरच्या थरावरून परततात, मेक्सिकोपलीकडची स्टेशनं ऐकू येतात, हे त्याला ठाऊक होतं. एखादं नाटक असेल. एखाद्या हौशी माणसाने लावलेली जुनी टेप असेल. लुएलाने डोक्यात भरवलेलं असेल. तीन स्पष्टीकरणं होती आणि तिन्ही पटण्यासारखी. तरी गाडीतून उतरताना त्याने मागे वळून बघितलं. पलीकडच्या सीटखालची मॅट त्याने हाताने चाचपली. ती ओली होती, आणि बोटांना खारट वास आला. एसीचं पाणी झिरपतं कधीकधी, तो स्वतःशी म्हणाला. एसी कित्येक महिने लावलेला नव्हता.

"तू शर्टला इस्त्री का करतोयस?" आश्लेषाने विचारलं.

"अगं, चुरगळला होता."

"आता? आठ वाजता? गराजमध्ये बसायला?" तिने इस्त्रीचा प्लग काढला. आता ती थट्टा करत नव्हती. "केदार, बाबांचं ठीक होतं, त्यांचं वय झालं होतं. तू ग्रीफ काउन्सेलरकडे जा, मी अपॉइंटमेंट घेते. पण हे बंद कर. मला भीती वाटते यार."

भीती त्यालाही वाटत होती. पण खोटं कशाला बोला, भीतीपेक्षा त्याला त्या माणसाची कीव येत होती. इतका वेळ एकट्याने बसायचं, आणि कुणी यायचं नाही. रोज संध्याकाळी तो ऐकायचा, आणि ऐकणारा आहे म्हणून त्या आवाजाला जरा धीर येतो, असं त्याला वाटायचं. "आय हॅव इट" हे शब्द त्याने उच्चारले नाहीत. ओठांवर येत, पण तो गिळून टाकत असे.

एकदा गराजच्या पायरीवर अनिका पायजम्यात उभी दिसली.

"हू इज दॅट मॅन, बाबा?"

त्याचं धाबं दणाणलं. "कुणी नाही. रेडिओ आहे. जा, झोप."

"ही साउंड्स सो टायर्ड," ती म्हणाली आणि आत गेली.

५

मुलीपर्यंत गोष्ट आली म्हटल्यावर केदारने कानाला खडा लावला. शनिवारी सकाळी त्याने चार्जर भिंतीवरून उपटून काढला, बॉनेट उघडून बॅटरीची केबल सोडवली आणि पाना खणात टाकला. सोमवारी एक माणूस गाडी न्यायला येणार होता. आश्लेषाने त्या दिवशी त्याच्यासाठी मुद्दाम थालीपीठ लावलं. त्याला इतकं हलकं वाटलं की आपण एवढे दिवस काय वेडेपणा करत होतो, असं तो दोनदा म्हणाला.

संध्याकाळी अमितकडे वाढदिवस होता. अमित त्याचा ऑफिसातला मित्र, चार सिग्नल सोडून राहणारा. अनिकाला सर्दी झाली होती, म्हणून आश्लेषा तिला घेऊन घरीच थांबली. "तू जा," ती म्हणाली. "माणसांत बस जरा."

अमितच्या बॅकयार्डात ग्रिल पेटला होता. मुलं पूलमध्ये होती. कुणीतरी व्हिसाचं रडगाणं गात होतं. आठ वाजत आले तसा केदार पुन्हा पुन्हा घड्याळ बघू लागला. त्याने घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवलं, प्लेट भरून घेतली आणि खुर्ची पूलकडे वळवली. आपण नाही गेलो तर काय होईल? काहीच होणार नाही. रेडिओ मेलेला आहे. समोर हातात प्लेट घेऊन बसलेला माणूस वाऱ्याबद्दल काहीतरी बोलला, आणि केदारने प्लेट खाली ठेवली. आपले वडील असेच बसले असतील, जेवणाच्या टेबलाशी, माणसांत.

फोन वाजला. आश्लेषा होती.

"केदार, तू केबल काढलीस ना?"

"काढली. का?"

"अनिका गाडीत बसलीय. तुझ्या सीटवर. मी उठ म्हणतेय तर उठत नाही. ओढलं तरी उठत नाही रे, एवढीशी पोर, आणि मला हलवता येत नाही." तिचा आवाज चिरकला. "आणि रेडिओ चालू आहे."

६

चार सिग्नल त्याने कसे पार केले ते त्याला आठवलं नसतं. बाहेर अजून उजेड होता. शेजारी लॉनला पाणी घालत होता आणि त्याने हात हलवला. गराजचं शटर अर्धं वर सरकताच केदार वाकून आत घुसला.

बॉनेट त्याने उघडं ठेवलं होतं तसंच होतं. केबल बॅटरीपासून वीतभर लांब पडलेली होती. डॅशबोर्डवर रेडिओचा आकडा पिवळा उजळला होता. आश्लेषा पायरीवर बसून दोन्ही हातांनी तोंड दाबून होती.

अनिका सीटवर ताठ बसली होती. तिचे पाय खाली पोचत नव्हते. हात रेडिओच्या बटणावर होता.

"अनू, चल बाळा. उतर."

"आय कान्ट," ती अगदी शहाण्यासारखी म्हणाली. "तू आला नाहीस ना. सो आय टोल्ड हिम, आय हॅव इट. आता कुणीतरी यायला लागतं, बाबा. दॅट्स द रूल."

तिला कुणी हे सांगितलं असणं शक्य नव्हतं. केदारने लुएलाचं बोलणं आश्लेषालाही सांगितलं नव्हतं. त्याने मुलीला काखेत धरून उचलायचा प्रयत्न केला. सीटसकट गाडी उचलावी तसं जड लागलं. तिचं नाक सर्दीने लाल झालं होतं आणि ती त्याच्याकडे बघत थांबली होती.

मागे सरायला आता जागा नव्हती. त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"आय हॅव इट," तो म्हणाला.

अनिकाने सुस्कारा सोडला आणि ती पिसासारखी हलकी होऊन उतरली. केदार तिच्या जागी बसला. रेडिओतली खरखर थांबली. पहिल्यांदाच तिथे साफ शांतता होती, आणि त्या शांततेच्या तळाशी पाण्याचा आवाज. त्याच्या शेजारच्या सीटची स्प्रिंग, कुणी उठावं तशी, वर आली. तो तिकडे वळला नाही. वळायला हवं होतं, पण मान वळेना. पलीकडचं दार उघडलं आणि लागलं.

त्याला दिसलं ते समोरच्या काचेतून, तेही उघड्या बॉनेटच्या फटीतून. अनिका पायरीकडे चालली होती. तिचा एक हात वर होता, मोठ्या माणसाचा हात धरावा तसा. तिच्या शेजारी एक भिजलेली बाही होती आणि बाहीतून पाणी ठिबकत होतं. बाकीचं बॉनेटने झाकलेलं होतं. आश्लेषा उठून उभी राहिली, दोन पावलं मागे सरली, मग स्वयंपाकघरात मागे मागे गेली. अनिकाने दार धरून ठेवलं, आत येणाऱ्या पाहुण्यासाठी धरतात तसं. मग ते लागलं. गराजच्या फरशीवर अनिका गेली त्या वाटेच्या बाजूला मोठी ओली पावलं उमटली होती.

आत खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"अनू," आश्लेषाचा आवाज ओळखू येत नव्हता, "इकडे ये. माझ्याकडे ये. हे कोण आहेत?"

"इट्स ओके, आई. ही इज ऑफ ड्यूटी."

केदारने दाराच्या हँडलला हात घातला. हँडल मोकळं होतं. त्याला कुणी बांधून ठेवलेलं नव्हतं, उतरून पाच पावलांत तो स्वयंपाकघरात पोचला असता. त्याच क्षणी रेडिओवर, खूप लांबून, एक दुसराच आवाज आला, आणि त्याच्यामागे आणखी आवाज होते. त्यांनी एवढंच विचारलं, सेटवर कोण आहे?

दाराच्या पलीकडे अनिका उत्तर द्यायला लागली. तिचा "आय" त्याला स्पष्ट ऐकू आला.

केदारने हँडल सोडलं.

"मी आहे," तो तिच्या आधी, मोठ्याने म्हणाला. आतून आश्लेषा त्याला हाका मारत होती, आणि तो बसून राहिला.